डबे पाचव्या मजल्यावर

बुधवारी एका लोणच्याच्या बाटलीमुळे मला पडलेलं कोडं सुटलं. ठिकाण, बाणेरमधलं आमचं ऑफिस, तिसऱ्या मजल्यावरची पँट्री.

आमच्या टीममध्ये जेवायची हाक नसरीन देते. एक वाजला की "चला, डबे!"... मग मीटिंग कुणाचीही असो, ती संपते. तिचं घराणं पिढ्यान् पिढ्या रविवार पेठेतलं, त्यामुळे टोमणे अस्सल पुणेरी. माझ्या भेंडीला तिने एकदा "चिकट, पण प्रामाणिक" असं सर्टिफिकेट दिलं होतं.

रमजान सुरू झाला आणि आमची टीम लीड मेघना हिने नसरीन सोडून सगळ्यांना मेसेज केला. तिचा रोजा असताना तिच्यासमोर कसं खायचं, आपण पाचव्या मजल्यावरच्या कॅन्टीनमध्ये जाऊ या. आम्हाला पटलं. खरं सांगायचं तर स्वतःचं थोडं कौतुकही वाटलं... मग काहीतरी निमित्त काढून एकेक जण डबा घेऊन सटकू लागलो.

इकडे नसरीन गप्प होत गेली. टोमणे बंद, हसणं बंद. मला वाटलं, उपासाचा थकवा असेल.

मंगळवारी कळलं, तिने दुसरी टीम मागितली आहे. मेघनाने कारण विचारलं तर म्हणाली, "सहज." माझा स्वभाव मुळातच चौकस, त्यामुळे डोक्यात भुंगा सुरू झाला. कामाचं काही? घरचं काही? की कुणी काही बोललं?

बुधवारी लोणच्याची बाटली खाली पँट्रीतच राहिली म्हणून मी परत आले. आमच्या लांब टेबलापाशी नसरीन एकटीच बसली होती. मी सरळ विचारलं, "काय झालंय गं?"

"ते तुम्हीच सांगा ताई. माझं काय चुकलं?"

मग तिने सांगितलं, आधीच्या ऑफिसात तिच्या डब्याचा वास येतो म्हणून लोक हळूहळू दुसऱ्या टेबलावर गेले होते. तेव्हाही तोंडावर कुणी काही बोललं नव्हतं. तिला वाटलं, इथेही तेच सुरू झालं.

मी तिला त्या मेसेजचं सांगितलं. आणि मग तिचा जुना आवाज परत आला.

"अहो, एकादशीला तुमचा उपास असतो, तेव्हा मी डबा घेऊन पाचव्या मजल्यावर जाते का? इथेच बसते. वर तुमची अर्धी खिचडीही मीच संपवते! रोजा माझा आहे, तुम्ही कशाला वनवासात जाता?"

मी वर जाऊन मेघनाला सगळं सांगितलं. मला वाटलं, ती आता खुलासे देईल. पण तिने जेवता जेवता डबा बंद केला, आम्हा सगळ्यांना घेऊन ती खाली आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "सॉरी नसरीन. मी सगळ्यांना विचारलं, फक्त तुला विचारायचं राहिलं."

"आता रडवू नकोस," नसरीन म्हणाली, "इफ्तारपर्यंत पाणी मिळणार नाहीये मला."

सर्वांना सामावून घेण्याची छान छान पोस्टर्स आमच्या लिफ्टपाशी लावलेली आहेत. त्याच लिफ्टने आम्ही रोज तिला मागे सोडून वर जात होतो... आणि वाटत काय होतं, तर आपण तिची काळजी घेतोय.

टीम बदलायचं आता तिने रद्द केलंय. काल मीटिंग ऐन रंगात आली होती, आणि जिला घोटभर पाणीही प्यायचं नव्हतं, तिनेच मागून हाक दिली... "चला, डबे!"

इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.