परवान्याचं पिस्तूल

चऱ्होलीच्या मिसळवाल्याकडं एक बागायतदार रोज यायचा. कमरेचं परवान्याचं पिस्तूल दिसेल असाच बसायचा. त्या सकाळी टीव्हीवर अमेरिकेतल्या एका शाळेतल्या गोळीबाराची बातमी चालू होती. बाहेर एका कामगाराची दुचाकी बागायतदाराच्या गाडीला घासली. तो शिव्या देत धावला आणि त्याचा हात कमरेला गेला. कामगारानं हात जोडले. आम्ही आतून बघत होतो.

तो स्वतःच्याच हाताकडं बघत राहिला. मग आत येऊन माझ्यासमोर बसला. ग्लासभर पाणी प्यायला.

"तिकडं अमेरिकेत पिस्तूल दुकानात मिळतं म्हणं. मला परवान्याला दोन वर्षं लागली, राव. पण हात जायला येळ लागला न्हाई."

मिसळ तशीच ठेवून तो उठला आणि मालकाला म्हणाला, "हे पिस्तूल पोलीस ठाण्यात जमा करायला काय कागद लागत्यात?"