हाक कोणाची?

सुमनबाई आमच्या चर्चच्या मंडळीतल्या सर्वांत वयस्क. त्या दवाखान्यात होत्या आणि पाळकसाहेब परगावी, म्हणून प्रार्थनेला मी गेलो. मी शाळेत शिक्षक. पण नोकरी सोडून पाळक व्हावं, देव आपल्याला हाक मारतोय, असं वर्षभर वाटत होतं.

डोळे मिटून मी प्रार्थना सुरू केली. शब्द सुचत गेले, आवाज भरून आला. शेजारच्या खाटांवरची कुजबुज थांबल्याचं मला कळलं आणि मी प्रार्थना आणखी लांबवली. ‘आमेन’ म्हणून डोळे उघडले, तर सुमनबाईंचे ओठ कोरडे पडले होते.

"बाळा, पाणी दे ना. केव्हाची मागतेय."

पाणी पाजून मी मान खाली घालून घरी आलो. दोन हातांवरची हाक ज्याला ऐकू येत नाही, त्याला देवाची कशी येणार? वर्षभर मी माझाच आवाज तर ऐकत नव्हतो?

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो आणि खाटेजवळ बसलो.

"आज प्रार्थना नाही का?"

"आधी तुम्हाला काय हवंय ते सांगा."

"मग पाय चेप जरा."

मी चेपत राहिलो. शंका काही फिटली नाही. सुमनबाईंना मात्र झोप लागली.