रेडिओची लेक

माझा लेक केस कापतो. दुकान लहान. दोन खुर्च्या, कोपऱ्यात पारा उडालेला एक आरसा, आणि एक बाक. बाकावर बसून मी टॉवेलांच्या घड्या घालते. गिऱ्हाइकं त्याला रेडिओ म्हणतात. कात्री थांबेल, तोंड थांबायचं नाही.

आणि त्याच्या पोटी ही पोर. घरात माझ्याशी भांडते, पण परकं माणूस दिसलं की तोंडात मिठाची गुळणी. दुकानात स्टुलावर बसून नुसती बघत राहते. खाण तशी माती म्हणतात, आमच्याकडे ती म्हण चालली नाही.

"नाव काय गं तुझं?" गिऱ्हाईक विचारायचं. ती ओठ हलवायच्या आत माझाच लेक बारीक आवाज काढून नाव सांगायचा, आणि वर "काका, तुम्हाला टक्कल कधी पडलं?" हेही तिच्या नावावर खपवायचा. लोक हसायचे. पोर बापाकडे बघायची.

आतून त्याला घोर होता. तिला शाळेत घालायचं होतं, आणि तिथल्या बाई आधी मुलांशी बोलून बघतात.

"आई, हिनं तिथं तोंडच उघडलं नाही तर?"

"तू उघडशील की," मी म्हटलं. "तुझं कुठं बंद असतं?"

आणि त्याचा घसा बसला. डॉक्टरांनी आठवडाभर बोलायचं नाही म्हणून बजावलं. दुकानात कात्रीचा आवाज मला तेव्हा पहिल्यांदा ऐकू आला.

गल्लीतले एक म्हातारे सुतार त्या आठवड्यात आले. आमच्याकडे कधी न आलेले. बायको नुकतीच गेली होती त्यांची. लेकानं मान हलवली आणि मुकाट कामाला लागला. पोर समोरून एकटक बघत होती. बराच वेळ गेला. मग म्हातारबाबा तिलाच म्हणाले, "माझे केस बायको घरीच कापायची. वाकडेतिकडे. मी दर वेळी चिडायचो."

पोर स्टुलावरून उतरली, जवळ गेली. "पुढूनसुद्धा वाकडे?"

"पुढून तर जास्तच," ते म्हणाले, आणि हसता हसता डोळे पुसायला लागले. मग किती तरी बोलले. लेकाची कात्री हवेतच राहिली.

घरी आल्यावर डॉक्टरांना न जुमानता तो कुजबुजला, "आई, मी बोलत असतो तर ते बोललेच नसते. ही ऐकते गं. माझ्या पोटी कुठून आली?"

"तुझे वडील असेच होते. मला बोलता यावं म्हणून गप्प बसायचे."

घसा सुटला, शाळेचा दिवस आला. आम्ही तिघं गेलो. बाईंनी नाव विचारलं. पोर बाईंकडे बघत राहिली. लेकाचे ओठ थरथरले, पण त्यानं ते दाबून धरले.

"बोलत नाही का ही?"

"बोलते की," लेक म्हणाला. "आधी माणूस बघून घेते. जरा थांबा बाई, थांबण्यासारखं आहे."

बाई भल्या, थांबल्या. पोरीनं त्यांना निरखून घेतलं, मग विचारलं, "तुमच्या चष्म्याला दोरी कशाला?"

बाई हसल्या. चष्मा किती वेळा हरवला, कुठं कुठं सापडला, सगळं सांगत बसल्या. पोरीला शाळेत घेतलं. नाव मागाहून लिहिलं.

लेक तिला कडेवर घेऊन बाहेर आला. "आई, देवानं मागितलं त्याहून चांगलं दिलं गं मला."

"मलाही," मी म्हटलं.