जिंतूरच्या शीटवरून गेलेल्या वस्त्या

सत्यशीला वाव्हळे परभणीच्या एका सरकारी कचेरीत ट्रेसर होती. गावोगावच्या पाण्याच्या योजनांचे नकाशे तिथं तयार व्हायचे, ती ते शाईनं उतरवून काढायची. हात इतका स्थिर की नाल्याचं वळण एका दमात उतरायचं. नवरा राणीसावरगावला शाळेवर मास्तर, शनिवारी यायचा. माहेर जिंतूर तालुक्यातलं धावंडखेडा. तिथं तिची आई सरजाबाई आणि धाकटा भाऊ सिताराम राहत.

ब्याण्णवच्या पावसाळ्यात कचेरीत कॉम्प्युटर आला. सोबत नकाशाचा प्रोग्राम आणि एक मोठं टेबल. टेबलावर नकाशाची शीट चिकटवायची, हातात मावेल असं भिंगाचं यंत्र रेषेवरून फिरवायचं आणि प्रत्येक वळणावर बटण दाबायचं. तीच रेष पडद्यावर उमटायची. शिकायला कोणी पुढं येईना. हेड ड्राफ्ट्समन दिनकरराव म्हणाले, "माझे डोळे गेले आता. सत्यशीलाबाई, तुमीच बसा. मी जिंतूरकडच्या शीटा तपासून देत जातो."

दिनकरराव जिंतूरकडचेच, चांगल्या शेतीवाडीचे. ती कामाला लागली तेव्हा त्यांनीच तिला पेन धरायला शिकवलं होतं. दुपारचा डबा दोघं एकाच टेबलावर उघडत. त्यांच्या घरची जवसाची चटणी तिच्या डब्यात पडायची, तिच्याकडची अंबाडीची भाजी त्यांच्या डब्यात.

प्रोग्रामनं पहिल्या दिवसापासून छळलं. शेजारच्या दोन शेतांची सामाईक रेष दोनदा काढली, की मध्ये दोऱ्यासारखी बारीक चिरफाळी राहायची आणि प्रोग्राम तिला स्वतंत्र जमीन समजायचा. तालुक्याच्या सगळ्या शीटा जोडायला घेतल्या की अशा चिरफाळ्यांचा ढीग व्हायचा आणि मशीन मधेच थिजायचं. पडदा गोठलेला, बटणं मेलेली. बंद करून पुन्हा चालू करावं, तर दिवसभराचं काम गेलेलं.

तिनं हैदराबादला फोन लावला. प्रोग्राम बसवून गेलेला माणूस तिथं होता. त्यानं मॅक्रो लिहायला सांगितला. मॅक्रो म्हणजे हुकूम ओळीनं लिहून ठेवायचे, प्रोग्राम ते वरून खाली पाळत जातो. "दहा गुंठ्यांच्या आतला प्रत्येक तुकडा शेजारच्यात मिसळून टाका," तो म्हणाला, "मग मशीन अडणार नाही." तो ओळी सांगत गेला, ती लिहीत गेली. आणि खरंच, मशीन अडलं नाही. त्र्याण्णवच्या दिवाळीनंतर सगळ्या जिल्ह्याचा नकाशा रंगीत छापून मुंबईला गेला. साहेबांनी पेढे मागवले. कुठल्या वस्तीपासून पाणी किती लांब आहे, हे त्या नकाशावरून मोजून उन्हाळ्यात बोअर कुठं पाडायचे ते ठरणार होतं.

संक्रांतीला विद्यापीठाच्या नामविस्ताराची घोषणा झाली. सोळा वर्षं ज्याची वाट पाहिली ते झालं होतं, पण तिला मोकळेपणानं हसताही येईना. रस्ते बंद होते, एसट्या थांबलेल्या, खेड्यांतून वाईट बातम्या येत होत्या. अठ्ठ्याहत्तर साली नामांतराच्या दंगलीत, ती सहावीत असताना, धावंडखेड्यातलं त्यांचं छप्पर जाळलं होतं. त्यानंतर सरकारनं गावापासून दूर गायरानात जागा दिली आणि सगळी बौद्ध घरं तिकडं गेली. ती रात्र तिनं कचेरीत कधी कोणाला सांगितली नव्हती.

कचेरीत सगळे जपून बोलत होते. दिनकरराव तर बोलेनातच. डबा आपल्या खुर्चीवरच उघडायचे, मान खाली घालून जेवायचे. सत्यशीलानं दोन-तीनदा बोलायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला. गप्प राहणं हेच त्यांचं उत्तर, असं तिनं धरलं.

फेब्रुवारीत सिताराम परभणीला आला. दाढी वाढलेली, चेहरा उतरलेला. "अक्का, गावच्या हिरीवर पाणी भरू देईनात," तो म्हणाला. "संक्रांतीपसून. किराणा बी देईनात, कामाला बी बोलवीनात. माय ओढ्याला झरा उकरून पाणी आणायलीय."

"बोअरचं काय झालं? यादीत असेल ना आपलं?"

"तेच तर सांगायलोय. बोअरवाले साहेब आल्ते. त्यांनी नकाशा उघडून बघितला आन म्हनले, हितं वस्तीच न्हाई. म्या म्हनलं, साहेब, तुमी उभं कुठं हाव? तर म्हनले, कागदावर हे शेत हाय."

सत्यशीलाला ते खरं वाटेना. ती वस्ती तिनं स्वतः टेबलावर उतरवली होती. निजामाच्या काळातल्या शीटवर मोजणीवाल्यांनी नंतर शाईनं भरलेला तो चौकोन. आईचं घर कोणत्या कोपऱ्यात पडतं, हे मनात म्हणत तिनं चारी बाजूंनी बटण दाबलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं नकाशा उघडला. धावंडखेड्याच्या पश्चिमेला वस्ती नव्हती. शेजारच्या शेतकऱ्याचं शेत तिथपर्यंत पसरलं होतं, जणू तिथं कधी कोणी चूल पेटवलीच नव्हती. तिनं आजूबाजूची गावं पाहिली. आणखी एक बौद्ध वस्ती गेलेली. त्यापलीकडं मातंगांची चार घरं गेलेली. मग तिनं सेलूकडच्या शीटा पाहिल्या, देवगाव फाट्याच्या आसपासच्या. तिथल्या सगळ्या वस्त्या जागच्या जागी होत्या. गंगाखेडच्याही होत्या. गेल्या होत्या त्या फक्त जिंतूरच्या. आणि जिंतूरच्या शीटा तपासल्या होत्या दिनकररावांनी.

ती उठली आणि सरळ त्यांच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिली. आवाज चढला होता, तिला आवरता आला नाही.

"दिनकरराव, आमची घरं तुम्ही पुसलीत का?"

सगळी कचेरी थांबली. त्यांनी चष्मा काढला. "काय म्हनायल्यात तुमी?"

"जिंतूरच्या शीटा तुमच्याकडं होत्या. आमच्याच वस्त्या गेल्यात त्यातून. संक्रांतीपासून तुम्ही माझ्याशी बोलत नाही. मला सरळ सांगा."

ते उठले, पिशवी घेतली आणि बाहेर गेले. त्या दिवशी परत आले नाहीत. साहेबांनी तिला आत बोलावलं. "पुरावा नसताना असं बोलायचं नसतं, बाई. आणि बाहेर वातावरण कसं आहे, माहीत आहे ना?"

पुरावा शोधायलाच ती मशीनसमोर बसली. टेबलावरून पहिल्यांदा उतरवलेलं काम वेगळ्या फ्लॉपीवर ठेवलेलं होतं. त्यात धावंडखेड्याची वस्ती होती. म्हणजे उतरवताना होती, शेवटच्या नकाशात नव्हती. मधे कोणाचा तरी हात लागला होता. जिंतूरच्या शीटांवर जे जे पहिल्यांदा होतं आणि शेवटी नव्हतं, ते ती एकेक शोधत गेली. दोन बौद्ध वस्त्या. मातंगांची घरं. एक लमाणांचा तांडा. धनगरांची वस्ती. आणि मग एक आखाडा, शेतातली तीन-चार घरं. कागदी शीटवर शाईत लिहिलेलं नाव वाचून ती खुर्चीत मागं टेकली. तो आखाडा दिनकररावांच्या सख्ख्या भावाचा होता. त्याच्या हुरड्याला कचेरीतली सगळी मंडळी एकदा जाऊन आली होती.

माणूस स्वतःच्या भावाचं घर कशाला पुसेल?

गेलेल्या जागांमध्ये जात सारखी नव्हती. सारखं होतं ते एवढंच की सगळ्या लहान होत्या. म्हणजे तो मॅक्रो. पण दहा गुंठ्यांची मर्यादा, आणि धावंडखेड्याची वस्ती तर वीस गुंठ्यांची. शिवाय सेलूच्या तेवढ्याच वस्त्या कशा राहिल्या?

मॅक्रोच्या ओळी कागदावर छापून ती पुन्हा पुन्हा वाचत राहिली. एक-एक ओळ बंद करून प्रोग्राम चालवून पाहिला. मशीन दोनदा गोठलं. वीज गेली, पुन्हा पहिल्यापासून. शेवटी तिनं जिंतूरची एकच शीट घेतली आणि प्रत्येक ओळीनंतर प्रोग्राम थांबवून वस्तीचं क्षेत्र विचारलं. पहिल्याच ओळीनंतर उत्तर आलं, पाच गुंठे. विसाची वस्ती पाच गुंठे!

मग उलगडलं. जिंतूरच्या शीटा जुन्या निजामी मापाच्या. बाकी जिल्ह्याच्या मानानं त्यांच्यावर लांबीही निम्मी, रुंदीही निम्मी. म्हणून जागा चौथाईच दिसायची. ते माप दुरुस्त करणारी ओळ मॅक्रोत होती, पण खाली होती. बारीक तुकडे मिसळणारी ओळ तिच्या वर. प्रोग्राम आधी वस्त्या गिळत होता आणि मग माप सुधारत होता. शेवटचा नकाशा चोख जुळायचा, म्हणून कोणालाच काही खटकलं नाही. दिनकररावांनी तपासल्या त्या कागदी शीटा. त्यांत सगळं बरोबरच होतं.

तिनं दोन ओळींची अदलाबदल केली आणि मॅक्रो चालवला. वस्ती पडद्यावर परत आली. आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही. कोणाचा हात असता तर निदान कोणाशी भांडता आलं असतं.

दिनकरराव तिसऱ्या दिवशी कामावर आले. ती त्यांच्यापाशी गेली, सगळ्यांच्या देखतच, कारण आरोपही सगळ्यांच्या देखत केला होता.

"माझं चुकलं. मॅक्रोच्या ओळी उलट्या लागल्या होत्या. तुमच्या भावाचा आखाडासुद्धा गेलाय."

त्यांनी पुढ्यातली शीट गुंडाळून ठेवली. "बाई, मला लय लागलं ते. घरी जाऊन जेवलो न्हाई." मग आवाज खाली आणून म्हणाले, "पर तुमाला तसं वाटलं, त्याला मी बी कारण हाय. पोरगा माझा मोर्च्यात जायला लागला, विरोधातल्या. तुमच्याशी काय बोलावं ते सुधरंना. म्हनून गप ऱ्हायलो. अठ्ठ्याहत्तरला बी गपच होतो."

ती म्हणाली, "साहेबांकडं चला माझ्याबरोबर."

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि दार लावलं. "हा नकाशा मुंबईला दाखवून झालाय. आता चुकला म्हणायचं? उद्या सगळंच चुकीचं म्हणतील. पुढच्या वर्षी नवीन काढू तेव्हा दुरुस्त करा."

"तोवर माणसं झऱ्याचं पाणी पितील, साहेब," सत्यशीला म्हणाली.

"तुमचे नातेवाईक आहेत तिथं, म्हणून तुम्हाला—"

"माझे बी हायत," दिनकरराव मधेच बोलले. इतक्या वर्षांत साहेबांचं बोलणं त्यांनी कधी तोडलं नव्हतं. "शीटा तपासल्याची सही माझी हाय. दुरुस्ती जाईना झाली, तर ती सही मी काढून घेतो."

साहेबांनी शेवटी 'सुधारित नकाशा' एवढंच लिहून सही केली. चूक हा शब्द त्यांनी कुठं येऊ दिला नाही. नकाशा गेला, पण तोवर बोअरची गाडी जिंतूरहून पुढं निघून गेली होती. पुरवणी यादी मंजूर व्हायला पावसाळा उजाडणार होता.

एप्रिलमध्ये सरजाबाई ओढ्याच्या दरडीवरून घागरीसकट घसरली. खुब्याचं हाड मोडलं. सितारामनं तिला बैलगाडीतून फाट्यावर आणि तिथून एसटीनं परभणीला आणलं. दवाखान्यातून सत्यशीलानं तिला आपल्या खोलीवर नेलं. आई कण्हत नव्हती, फक्त छताकडं बघायची. सत्यशीलानं एकदा तिला मॅक्रोची गोष्ट समजावून सांगितली.

सरजाबाईनं ऐकलं. "म्हंजी कोनी मुद्दाम न्हाई केलं?"

"न्हाई, माय."

"मंग कुनाला बोलावं गं?" ती म्हणाली आणि कूस बदलायला तिनं हात पुढं केला.

दिनकरराव एकदा भेटायला आले, मोसंब्या घेऊन. दारातच बसले. सरजाबाईनं त्यांना चहा द्यायला लावला. ते प्याले. कचेरीत दोघांचे डबे पुन्हा एका टेबलावर आले, पण पूर्वीसारख्या गप्पा काही जमल्या नाहीत. कामाचं बोलून दोघं उठत.

सत्यशीलानं नंतर मॅक्रोवर पूर्ण भरवसा कधी टाकला नाही. गळणारा प्रत्येक तुकडा आधी पडद्यावर थांबवून दाखवायची ओळ तिनं त्यात घातली. काम मंदावलं. साहेब कुरकुरत राहिले.

पावसाळा सरल्यावर धावंडखेड्याच्या वस्तीत बोअर लागला. आईनं हट्टच धरला, म्हणून सत्यशीला तिला घेऊन गेली. सितारामच्या बायकोनं हातपंप मारला, सरजाबाईनं काठीवर रेलून ओंजळ पुढं केली.

"लोखंडाचा वास येतोय," ती म्हणाली. तरी ओंजळ संपवली. मग सितारामला विचारलं, "आन ती गावची हीर? भरू देतेत का आता?"

सितारामनं मान हलवली. "न्हाई. म्हनतेत, तुमचा बोअर झालाय की आता. हितं कशाला येताव?"

सत्यशीलानं गावाकडं पाहिलं. तिकडच्या विहिरीवर बाया पाणी शेंदत होत्या. सरजाबाई म्हणाली, "सत्ये, आत चल, मला उभं ऱ्हावंना." तिनं आईच्या काखेत हात घातला आणि तिला घरात नेलं.