पंख्याची पाती

धानाचा भुसा हातात घेतला तर हलका, निरुपद्रवी वाटतो. पण तो लोखंड खातो, लोखंड! खोटं वाटत असेल तर गोंदियाच्या कोणत्याही राईस मिलमध्ये जा आणि भुसा ओढणारा पंखा उघडून बघा. चांगली जाडजूड पाती एका सीझनमध्ये चाळणी होऊन जातात. गोंदियाजवळच्या कुडव्यातलं आमचं वर्कशॉप वर्षानुवर्षं त्याच भोकांना ठिगळं लावून चालत होतं, आणि मला त्या ठिगळांचा अगदी वीट आला होता.

म्हणून दादानं फवारणीची बंदूक आणली तेव्हा मी शेडमध्ये अक्षरशः नाचलो. दादा, माझा मोठा भाऊ, छत्तीसगडात एका कारखान्यात हेच काम करायचा. कठीण धातूची भुकटी ज्वाळेतून लोखंडावर फवारायची, की वर पातळ कवच बसतं; मग झिजायचं ते कवच झिजेल, तेही सावकाश. आता हे काम गोंदियात करायचं, दोघा भावांनी मिळून. पण वहिनींची अट होती. दादानं एक सीझन करून बघायचं, तोवर त्या मुलांना घेऊन तिकडेच राहणार. कवच चढवलेला पंखा टिकला तर सगळं बिऱ्हाड इकडे, नाही टिकला तर दादा मुकाट्यानं परत. वहिनींचं काही चुकत नव्हतं. पण मला दादा इथं हवा होता. बाबा गेल्यापासून त्या शेडमध्ये मी एकटाच यंत्रांशी भांडत बसायचो.

पहिलं काम मिळालं ते नवं धान यायच्या तोंडावर, नेमकं दसऱ्याच्या दिवशी. आमच्या घरी दसरा म्हणजे नागपूर, दीक्षाभूमी. आई तिकडे गेली होती, आम्ही दोघं मिलच्या आवारात कामाला जुंपलेलो. दादानं पात्यांवर जोरात वाळू मारून ती पांढरीफटक, खरखरीत केली आणि सगळ्यांना दम भरला, कोणी बोट लावायचं नाही. घामाचा हात लागला तरी कवच धरत नाही. मिलच्या मिस्त्रींनाही त्यानं बजावलं. तो पंखा इतकी वर्षं त्यांनीच लेकरासारखा सांभाळला होता. मग आम्ही गॅसचं सिलिंडर आणायला मोटरसायकलवर गेलो, आणि आल्या आल्या फवारणी सुरू केली.

काय सांगू! ज्वाळेतून ठिणग्यांचा फवारा निघत होता आणि पात्यावर राखी रंगाचा थर चढत होता. माझ्या पोटात आनंद मावेना. मिलमधली सगळी माणसं बघायला जमली होती, आणि मी प्रत्येकाला तेच तेच समजावून सांगत होतो.

सीझन सुरू झाला. मी काही ना काही निमित्त काढून रोज मिलवर जायचो आणि पंख्याचा आवाज ऐकून यायचो. एकसारखा, गोड आवाज. जुना पंखा एव्हाना खडखडायला लागला असता. दादा म्हणायचा, इतकं कौतुक तर तू लग्नात बायकोचंही केलं नाहीस. आणि ऐन सीझनमध्ये मालकाचा निरोप आला, पंखा थरथरून राहिला.

उघडला. एका पात्याला भोकं. दादा आपले पाने पुसून पेटीत भरायला लागला. माझं डोकं असं फिरलं की विचारू नका. बंदुकीला, भुकटीला, भुशाला, सगळ्यांना शिव्या घालत मी ते पातं ओढून घेतलं आणि चिंधीनं घासलं. तीन भोकं होती, शेजारी शेजारी, उभ्या पट्ट्यांसारखी. आजूबाजूचं कवच मात्र पहिल्या दिवसासारखं! मी घाईघाईनं बाकीची पाती पुसली. एकालाही ओरखडा नव्हता.

“दादा, इकडे ये. आत्ता ये.”

दादानं बघितलं, आणि आपली तीन बोटं हळूच त्या पट्ट्यांवर ठेवली. बरोबर बसली.

मागे मिस्त्री उभे होते. त्यांचा चेहरा पार उतरला होता.

“दसऱ्याच्या दिवशी लोखंड बिनकुंकवाचं कसं ठेवू बाबू? एकाच पात्याले लावलं. तुमची गाडी ऐकली न् दुपट्ट्यानं पुसून टाकलं.”

कुंकू तेलात कालवलेलं होतं. कुंकू दुपट्ट्याला गेलं, तेल त्या खरखरीत लोखंडात मुरून बसलं, आणि तिथलं कवच सुटलं. आमच्या घरी लोखंडाला कोणी कुंकू लावत नाही, त्यामुळे दसऱ्याला असं काही होईल हे आम्हा दोघांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. मी मिस्त्रींवर तोंड सोडणार, तेवढ्यात दादा हसायला लागला. इतका हसला की मालक ऑफिसातून बाहेर आले.

“मिस्त्री,” दादा डोळे पुसत म्हणाला, “पुढच्या दसऱ्याले खुशाल कुंकू लावा. पण माझं फवारून झाल्यावर.”

पुढच्या दसऱ्याला! मिस्त्री पुढे काय म्हणाले ते मला आठवत नाही. मी दादाच्या पेटीतले पाने एकेक करून परत बाहेर काढत होतो. ते एक पातं तर पुन्हा करायचंच होतं.