डांबरगोळीच्या वासाची शाल

कपाटातून शाल काढली की डांबरगोळीचा वास येतो आणि पलूसजवळच्या आमच्या गावातला सत्कार आठवतो. युरोपातल्या जुन्या राजांच्या लढायांवर मला डॉक्टरेट मिळाली होती. देवळापुढे मांडव होता, पुढच्या रांगेत पेन्शनवर आलेले फौजी, आणि शेतातून पेटलेल्या पाचटाचा धूर येत होता. खांद्यावर शाल घालताना सरपंच माइकवरच म्हणाले, "ताई, बोला, पर आपल्या राजांवर. त्या गोऱ्यांचं आमाला काय करायचं हाय?" माणसं हसली. मी शाल काढली आणि घडी करून टेबलावर ठेवली. "आधी ऐका. पटलं तर घाला, न्हाईतर ऱ्हाऊ दे." मग एका वेढ्याची गोष्ट सांगितली. राजा तंबूत मेजवान्या झोडत होता, चिखलातले उपाशी शिपाई स्वतःची घोडी कापून खात होते, आणि गावाकडं त्यांच्या बायका वाट बघत होत्या. हसू थांबलं. सरपंचांनी घड्याळ दाखवलं, तशी माझी चुलती उठली. तिचा नवरा सीमेवरून परतलाच नव्हता. "आवं, बोलू द्या की तिला! मला फुडचं ऐकायचं हाय." शेवटी शाल तिनंच मला घातली. आता परदेशातल्या दप्तरखान्यात गारठ्यात मी तीच पांघरून बसते. तिथंही कुणीतरी विचारतंच, आमच्या राजांचं तुम्हाला काय करायचंय? मी शाल सावरते आणि पुढचं पान उलटते.