हंगेरीकडून कोण?

जागतिक फुटबॉलच्या अंतिम सामन्यात इटलीने हंगेरीला चार विरुद्ध दोन गोलांनी हरवलं, ही बातमी मानवतला पोचायला सहा आठवडे लागले. पोचली तीही मुंबईहून आलेल्या कंदिलाच्या काचेभोवती गुंडाळून! मी काच बाजूला ठेवली, तो चुरगळलेला इंग्रजी कागद मांडीवर सपाट केला आणि दुकानातूनच ओरडलो, "इटली जिंकली!"

"बरं झालं," शेजारचा आडत्या म्हणाला. "तिकडं कापूस पिकतोय का?"

बातमीचा समारंभ तिथेच संपला.

वडील गेले म्हणून मी हैदराबादचं शिक्षण अर्धवट टाकून नुकताच आमच्या कापसाच्या आडतीवर बसलो होतो. तिथल्या बोर्डिंगात आम्ही पोरं फुटबॉलवर जगायचो. जगातल्या पहिल्या फायनलला दोन्ही संघ 'चेंडू आमचाच' म्हणून हटून बसले आणि शेवटी अर्धा वेळ एकाचा, अर्धा वेळ दुसऱ्याचा चेंडू वापरावा लागला, ही गोष्ट मी तिथे पन्नास वेळा तरी ऐकली असेन. इथे ती एकदा सांगावी तर ऐकणारा माणूस नाही! घरात आई आणि मी. संध्याकाळी आई वाती वळायची, मी भिंतीकडे बघायचो. मित्रांनी निरोपाला दिलेला फुटबॉल उशाशी घेऊन झोपायचो. (वय वर्षं एकवीस. कुठे बोलू नका.)

म्हणून मी ठरवलं, फायनल आपणच खेळायची! निदान खेळापुरती तरी माणसं भोवती असतील.

पहिल्या श्रावणी सोमवारी बाजार बंद. दुकानामागे गाड्या सोडायची मोकळी जागा. माणसं बावीस हवी होती, आमचे हमाल आणि शेजारीपाजारी मिळून चौदा आले. मी उत्साहाने सगळी बातमी वाचून दाखवली. तीच चूक झाली.

"मालक, हंगेरी हरली म्हणता नव्हं?" एकाने विचारलं.

"हो."

"मग आमी इटलीकडनं."

"सगळे इटलीकडून कसे चालतील?"

"हरायचं ठरलेलंच हाय, तर तिकडं जायाचं कशाला?"

"अरे, ठरलेलं नाही! झालेलं आहे!"

"मग तर बिलकुल न्हाई!"

शेवटी तेरा जणांची इटली झाली. हंगेरीत एकटा म्हादाप्पा, आमचा सगळ्यात जुना हमाल. मला नाही म्हणणं त्याच्या जिवावर आलं, एवढाच त्याचा गुन्हा. त्याला मी दोन पोत्यांच्या मधे गोलकीपर म्हणून उभा केला आणि शिट्टी तोंडात धरली.

इतक्यात आई पूजेचं तबक घेऊन आली.

"सोमवार हाय. नवं काम सुरू करायलास, आन् तसंच?"

"आई, चेंडू चामड्याचा आहे!" मला वाटलं, आता ती थांबेल.

"मग मृदंगाला काय रेशीम लावतेत व्हय?"

आईने चेंडूवर भस्माचे तीन पट्टे ओढले, बेल वाहिला, नारळ फोडला. इटलीने ओळीने डोकं टेकलं. मग हंगेरीने टेकलं. मी शिट्टी वाजवली.

कुणीही हललं नाही.

"मार की!" मी समोरच्याला म्हणालो.

"ह्याला? आताच डोकं टेकलंय मालक, लगीच पाय कसा लावू?"

तिकडे परदेशात 'आमचाच' म्हणून भांडले, इथे चेंडू कुणालाच नको! मी चिडलो, चार पावलं मागे गेलो आणि लाथ हाणली. इटली कानावर हात ठेवून बाजूला झाली. चेंडू बेलाची पानं उडवत थेट म्हादाप्पाकडे गेला. म्हादाप्पाने डोळे मिटले, हात जोडले आणि चेंडू त्याच्या पायांमधून आरामात आत गेला.

"अरे म्हादाप्पा! हात कशाला दिलेत देवाने?"

"जोडायलाच की, मालक!"

खोबरं वाटून झालं आणि पाच मिनिटांत मैदान मोकळं झालं. एक-शून्य अशी आघाडी घेऊन मी एकटाच उभा होतो.

पुढे पावसाने ओढ दिली. जो तो आधी आभाळाकडे बघायचा आणि मग माझ्या उजव्या पायाकडे! आडतीवर गाडी सोडणारा माणूससुद्धा माझ्यापासून हातभर लांब बसायचा. आईने चेंडू दाराजवळच्या कोनाड्यात बसवला. रोज ताजा बेल. दुकानाला निघताना हुकूम सुटायचा, "पाया पड आन् मग जा. तुझ्यामुळंच रुसलाय." आणि मी, बोर्डिंगचा नावाजलेला गोलकीपर, फुटबॉलपुढे हात जोडून उभा राहायचो! त्याच सुमारास मित्रांचं पत्र आलं. नवा गोलकीपर चांगला मिळाला म्हणे. त्या दिवशी मी जेवलो नाही.

श्रावण संपला. दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आलो, तर आई चेंडू हातात घेऊन अंगणात उभी.

"अक्षता टाकल्या, जागेवरनं हलिवला. देव गेला. आता नुसतं कातडं हाय."

"हे त्याच दिवशी का नाही केलंस?"

"म्हैना पुरा व्हावा लागतोय की." मग चेंडू या हातातून त्या हातात घेत म्हणाली, "त्या दिशी हंगेरीकडनं एकटा म्हादाप्पाच व्हता, न्हाई का?"

"हो."

"एका बाजूला एकटंच हुबं ऱ्हायचं लय वाईट असतंय. तुझे अप्पा गेल्यापासून बघायलेय ना मी. मला घे हंगेरीत."

इतके दिवस मी भिंतीकडे बघत होतो, आणि भिंत सोडून समोर आणखी एक माणूस तेवढंच एकटं बसलेलं मला दिसलं नव्हतं. मी दोन रिकाम्या घागरी आणल्या, अंतर मोजून मांडल्या आणि मधे उभा राहिलो.

आईने लुगड्याचा काष्टा नीट खोचला. "आता काय करू?"

"मार लाथ!"

तिने पाय नुसता टेकवला. चेंडू रांगत निघाला. इतका सावकाश, की मधे दोनदा थांबतो की काय असं वाटलं. बोर्डिंगात मी याच्या दसपट वेगाचे चेंडू उडी मारून अडवले होते. चेंडू जवळ आला. अगदी पायाशी आला.

आणि महिनाभराच्या सवयीने मी डोळे मिटून हात जोडले.